घासून पालथा घातलेला डबा

ठमे,

घरभर जळका वास आहे, पण घाबरू नकोस, सगळं विझवलंय. खिडक्या उघड्याच ठेव. तुझ्यासाठी केक करावा म्हणून कधी नव्हे तो ओव्हन लावला, तर आतून धूर! दार उघडलं, तर चिप्सची आणि बिस्किटांची रिकामी पाकिटं गच्च कोंबलेली.

मग मी रोज ठेवते त्या डब्याचं काय होतं गं? संध्याकाळी तो घासून पालथा घातलेला दिसायचा आणि मी खूश. खालचा कुत्रा एवढा का माजलाय, ते आज कळलं.

अख्ख्या कँटीनला जेवू घालते मी, आणि माझ्याच घरात हे! परवा तुझ्या उदासीचं दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या रिपोर्टमध्ये अंगात सूज दिसतेय. अशा सुजेनं कधीकधी मनही आणखी खचतं. ही खाते काय?" तू तोंड उघडायच्या आत मीच तोऱ्यात बोलले, "माझ्या हातचं, रोज!" त्यांनी खाण्याचा विषय तिथेच सोडला. तू मान खाली घातलीस, त्याचा अर्थही मला तेव्हा कळला नाही.

संध्याकाळी दोघी जाऊन त्यांना खरं सांगू. तोवर गोळ्या चुकवू नकोस.

मी ओरडणार नाही. डबा ओट्यावर आहे. जाईल तेवढं खा, नाही गेलं तर तसंच राहू दे.

फक्त घासू नकोस.

ताई