भिवाजीच्या वहीचं शेवटचं पान

कळंब, ता. कर्जत
९ डिसेंबर २०२४

प्रिय ललिता,

दादाचा आशीर्वाद. तो घ्यायचा की नाही, ते पत्र पुरं वाचून ठरव.

आपण घाटाखालची माणसं. आपल्या वाडवडिलांनी मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली, शिडं ओढली, भट्टीत कोळसा लोटला, आणि पुस्तकांत नावं राहिली ती साहेबांची. हे दुखणं तुझंही आहे आणि माझंही. हसलीस ना? माझं भाषण इथूनच सुरू होतं. इतक्या वर्षांची सवय, पत्रातही तोंड तिकडेच वळलं.

इकडे ठीक आहे. भात झोडून झालं, नदीकडच्या तुकड्यात वाल पेरलाय. पलीकडच्या रिसॉर्टचा लाऊडस्पीकर दर शनिवारी वाजतो. माझ्यापेक्षा मोठा आवाज असलेली कळंबातली ती एकच वस्तू, असं तुझ्या वहिनीचं, सुनिताचं मत. तिचे गुडघे धरलेत, तरी हे पत्र घेऊन माथेरान चढायचं तिनंच ठरवलं. मी म्हटलं, मी जातो. तर म्हणाली, "तुमी नको. तुमचं तोंड बघून ती दार लावून घेईल. मला निदान च्या तरी पाजंल." सात वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून पत्र तिच्याच हाती देतोय.

एक बातमी तुझ्या कानावर आली असेल. खालापूरच्या आपल्या इतिहास मंडळाने अंगणात दगड उभा करायचं ठरवलंय. आपल्या खापरपणजोबांच्या, भिवाजीच्या, नावाचा. येत्या बावीस तारखेला, रविवारी, कार्यक्रम आहे. मजकूर मीच दिला होता: ‘भर समुद्रात रेखांश ओळखणारं घड्याळ इंग्रजांच्या आधी जाणणारा जगातला पहिला माणूस’. साईनाथ पाथरवट परवा छिन्नी घेऊन बसला आणि मला विचारतो, "दादा, ‘जगातला पहिला’ येवढं नक्की ना? दगड हाय हा. मागनं फडक्यानं पुसायचा नाय."

मी त्याला थांबवलं. का थांबवलं, ते लिहायला तीन दिवस या कागदासमोर बसतोय.

भिवाजीची वही तू पहिल्यांदा वाचून दाखवलीस ती संध्याकाळ मला आठवते. मी चार कपाटं पुस्तकं वाचली, पण मोडीचं एक अक्षर मला येत नव्हतं. तू अलिबागला जाऊन शिकून आली होतीस. तूच मला समजावलंस. बंदरातली वेळ पेटीत घालून जहाज निघतं. समुद्रात सूर्य डोक्यावर आला की ती तिथली दुपार. पेटीतलं घड्याळ तेव्हा काय वाजले सांगतं ते बघायचं. दोन वेळांत चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. मग तो नियम आला, जो मी तुला पुन्हा वाचायला लावला होता: घड्याळ पुढे गेलं किंवा मागे पडलं, तरी काट्याला हात लावायचा नाही. रोज ठरल्या वेळी किल्ली द्यायची, आज किती सेकंदांची चूक झाली ते लिहायचं, आणि जहाज कुठे आहे ते काढताना ती चूक धरायची. मुंबईत गोदीजवळच्या घड्याळांच्या दुकानात कामाला असलेल्या भिवाजीने पानंच्या पानं तेवढंच लिहिलं होतं. आज दोन पुढे. आज तीन पुढे. आज हवा दमट, एक मागे.

मग तू शेवटचं पान उलटलंस. ‘हे सर्व इंग्रजी पुस्तकावरून, दुकानच्या मालकाने सांगितले तसे उतरून घेतले. शोध माझा नव्हे.’ खाली साल, शके १७६८. म्हणजे विलायतेत ती घड्याळं चालायला लागून पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.

तू आणखी वाचत होतीस. मी वही तुझ्या हातातून घेतली. "दादा, पुढं ऐक तरी," म्हणालीस. मी म्हटलं, उद्या ऐकतो.

तोवर मी, वही न वाचताच, घरातल्या ऐकीव गोष्टींच्या भरवशावर, भिवाजी पहिला म्हणून पन्नास गावांत छाती ठोकून सांगून बसलो होतो. नेरळच्या सभेत एक म्हातारा खलाशी उठून रडला होता, ‘आमच्यातलाबी कोन होता’ म्हणून. त्याला काय सांगायचं होतं मी? हे कारण मी सात वर्षं स्वतःला दिलं. कारण खोटं नाही. पण त्याने तुझं काही भरून निघत नाही.

खालापूरच्या सभागृहातली पुढची सभा तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. नक्कल करायला वही पंधरा दिवस तुझ्याकडे होती, आणि आली तेव्हा शेवटचं पान नव्हतं. लोक कुजबुजले. मी तुझं नाव घेतलं नाही, गप्प बसलो, असंच मी आजवर सुनिताला सांगत आलो.

गप्पही बसलो नव्हतो, ललिता. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, वहीतलं ज्ञान इंग्रजी पुस्तकावरून उतरलेलं आहे, शेवटच्या पानावर तसं लिहिलंय. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, "असेल ते पान, तर दाखव!" टाळ्या पडल्या, तुझ्या हातची नक्कल कोणी बघितलीही नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस.

पान माझ्या घरी होतं. तू नक्कल करून वही ठेवून गेलीस, त्याच दुपारी मी ते उसवून काढलं होतं.

त्यानंतर तहसीलबाहेरच्या तुझ्या टेबलावर कोणी जुने कागद वाचायला आणेनासं झालं. जिच्या हातून पान हरवतं, तिच्याकडे आजोबाचा सातबारा कोण देईल? पहिल्या पावसाळ्यात तू टेबल गुंडाळलंस आणि माथेरानच्या हॉटेलात काउंटरवर जाऊन बसलीस. मोडी वाचणारी अख्ख्या तालुक्यात तू एकटी. हे मी जाणून होतो, आणि तरी भाषणं देत राहिलो.

पान सापडलं दिवाळीनंतर. सत्काराच्या शाली थंडीत वाडीवरच्या बायांना वाटायच्या म्हणून सुनिता कपाट काढत होती. त्रेचाळीस शाली. चौदावी का पंधरावी झटकली आणि पान खाली पडलं. तिने उचललं, माझ्यासमोर धरलं. "हे तेच ना?" मी मान हलवली. ती शाली उचलून निघून गेली. आठ दिवस आमच्या घरात फक्त रिसॉर्टचा लाऊडस्पीकर बोलत होता.

मी मोडीचा तक्ता आणला. सहासष्टाव्या वर्षी बाराखडी गिरवली. एक एक अक्षर जुळवत, तू ‘पुढं ऐक’ म्हणाली होतीस ते तीन आठवड्यांनी ऐकलं. शेवटच्या ओळीला दोन दिवस लागले. ‘चुका रोजच्या रोज मी पाहून लिहिल्या, त्या माझ्या. भिवाजी बिन लडकू, मौजे कळंब.’

सगळ्या वहीत त्याचं नाव फक्त तिथे आहे. आपल्या माणसांची नावं पुसली म्हणून मी गावोगाव गरजत होतो, आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव मी शालीत गुंडाळून ठेवलं होतं. अधल्यामधल्या तीन ओळी मला अजून लागत नाहीत. त्या तुला येतील.

साईनाथ विचारतो, "मग कोरू काय? कोरा दगड उभा करू? लोक म्हनतील दादाची वाचा बसली." मी सांगितलं, रविवारी कोराच असू दे, ललिता वाचेल, त्यातून मग कोर.

पान सुनिताच्या पिशवीत आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये. ते आता तुझ्याकडेच ठेव. मंडळाच्या अध्यक्षांना मी लेखी कळवलंय की पान मी काढलं होतं. त्याची प्रत सोबत आहे, तुला हवी तिथे दाखव. रविवारी सभेतही मी तेवढं एकच वाक्य बोलणार आणि खाली बसणार. जास्त बोललो तर माझी चूकही मला शोभून दिसायला लागेल, लोक तिलाही टाळ्या देतील. तू आलीस किंवा नाही आलीस, ते वाक्य मी बोलणारच आहे. माफीचं तू ठरव. ती मी या पत्रात मागत नाही, कारण मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल.

मागणं एकच आहे. रविवारी, बावीस तारखेला, सकाळी दहा वाजता खालापूरच्या त्याच सभागृहात ये, त्याच माईकसमोर उभी राहा आणि हे पान पहिल्या अक्षरापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाच.

ते पान उसवणारा,
रोहिदास