‘उघडे कपाट’ व माझी बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शाळेची निवृत्त ग्रंथपाल, अविवाहित, राहणार तिसरा मजला, लिफ्ट बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे शरीर थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी शुद्धीवर नव्हते असे म्हणायला कोण कोण पुढे सरसावेल हे मला आजच ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. मी रागात लिहीत आहे हे मात्र खरे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे मी माझ्या वकील भाचीला आधी विचारून घेतले आहे.

परवा माझी शस्त्रक्रिया आहे. तीतून उठले तर हा कागद फाडून याहून कडक लिहीन. न उठल्यास हाच अखेरचा समजावा आणि याची अंमलबजावणी भाचीने करावी.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व गॅलरीसह, भाचीला द्यावे. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. खुद्द भावाला घरात वाटा नाही. कारण विचारले जाईल, म्हणून लिहून ठेवते. मागच्या वर्षी मी इस्पितळात असताना त्याने माझी आतली खोली साफ केली. साफ केली म्हणजे, मी चालवत असलेल्या मासिकाचे जुने अंक, वर्षवार बांधलेले, रद्दीवाल्याला देऊन टाकले आणि त्या जागी स्वतःची व्यायामाची सायकल आणून ठेवली, कारण त्याच्या घरी ती मावत नव्हती. मी घरी आले तेव्हा म्हणाला, “ताई, नुसती धूळ होती गं. कोण वाचतं आता ते?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोटाला टाके होते, ओरडता आले नाही. ते ओरडणे इथे नोंदवते. त्या सायकलवर भाऊ बसलेला मी आजवर पाहिला नाही, तिच्यावर टॉवेल वाळतात. ती त्याचीच आहे. ती त्याने तीन जिने उतरवून स्वतः न्यावी. भावावर माझा जीव आहे. तो वेगळा आणि घर वेगळे.

कलम २. पुस्तके दुरुस्त करायची माझी हत्यारे, म्हणजे लोखंडी शिकंजा, शिवणीच्या सुया, मेणाचा दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी, खळीचे ब्रश आणि तारखेचा शिक्का, हे सर्व माझ्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाला द्यावे. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी चुकली. चुकले नाही. मी निवृत्त झाले आणि माझे पदच रद्द झाले. मुख्याध्यापकांनी विचारले, “बाई, आता किल्ली कोणाकडे द्यायची?” आणि मी तोंड उघडायच्या आत ती खेळाच्या शिक्षकाकडे गेली, कारण त्यांना चेंडू आणि जाळ्या ठेवायला खोली हवी होती. मी वर्षभर त्या माणसाच्या नावाने बोटे मोडली. मग एकदा जाऊन पाहिले. मुले चेंडू घ्यायला आत जातात आणि पुस्तक घेऊन बाहेर येतात. नोंद नाही, शिस्त नाही, नाटके भूगोलात घुसलेली. मी म्हटले, “अहो, परत कशी येणार ही?” तो म्हणाला, “येतात की बाई. चेंडूंपेक्षा जास्त येतात.” फाटलेल्या पुस्तकांना तो जखमेवरची चिकटपट्टी लावतो. ते बघवत नाही, म्हणून हत्यारे. भाचीने त्याला खळ शिजवायला शिकवावे, तिला येते.

कलम ३. बँकेतली शिल्लक कलम ४ मधल्या मासिकाच्या कागदाला आणि टपालाला वापरावी. माझ्या नावाने पारितोषिक, स्मृतिफलक, व्याख्यान असले काही करू नये. फोटोला हार घातलेला मला जिवंतपणीही आवडत नाही.

कलम ४. आता मुख्य.

‘उघडे कपाट’ हे मासिक मी काढते. आठ पाने, शाळांच्या ग्रंथपालांसाठी. त्यात बातम्या असतात: कोणत्या शाळेच्या ग्रंथालयात परीक्षेची बाके कोंबली, कुठे पद गेले, कुठे नवीन माणूस आला आणि त्याला कोणीच काही दाखवले नाही. आणि उपयोगाच्या गोष्टी असतात: सहावीला खरोखर आवडतील अशी नवी पुस्तके, कसर लागलेल्या कागदाचे काय करायचे, फुकट नकाशे कुठून मागवायचे, कोणाकडे कोणत्या पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती पडून आहेत. नावामागे कारण आहे. पुस्तक हरवले की ग्रंथपालाच्या पगारातून कापतात, म्हणून ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावतो आणि मुले काचेतून पुस्तके बघत उभी राहतात. ज्या शाळेने कुलूप काढले तिचे नाव आम्ही पहिल्या पानावर छापतो. काही महिने ते पान जवळजवळ कोरे गेले आहे. तरी छापले.

मासिकाचे नाव कायद्याने माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते मी लाटलेले नाही. सुरुवातीला प्रकाशक म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा आमच्या शालेय ग्रंथपाल संघटनेतल्या सगळ्यांनी हात वर केले, कारण काही वावगे छापले गेले तर खटला सही करणाऱ्यावर. तेव्हाचे आणि आजचेही अध्यक्ष, जे कधी ग्रंथपाल नव्हते आणि ज्यांनी या खुर्चीला गोंद लावून घेतला आहे, भर बैठकीत म्हणाले, “बाई, तुमचीच सही असू द्या. तुम्हाला मूल ना बाळ, तुरुंगात गेलात तरी कोणाची अडचण नाही.” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, त्यांच्यापेक्षा माझ्या.

पुढे एका पुरवठादाराने शाळांच्या गळ्यात पुस्तकांचा एक संच मारला. अध्यक्षांनी त्याची शिफारस आमच्याच मासिकात लिहिली. त्या संचात होडीतून निघालेल्या दोन बहिणींची एक गोष्ट होती. वादळ येते, होडी कलंडते, पान उलटले की दोघी पुन्हा घरी बसून दप्तर भरत आहेत. बांधणीत शेवटचा सोळा पानांचा फर्मा राहिला होता आणि त्या जागी पहिलाच पुन्हा शिवला होता. सगळ्या प्रतींत. अध्यक्षांच्या शिफारशीत छापले होते, “शेवट विशेष हृद्य आहे.”

मुली माझ्या टेबलाशी येऊन विचारायच्या, “बाई, बुडाल्या की वाचल्या?” मला माहीत नव्हते. ग्रंथपालाला हे सांगावे लागणे यासारखी लाज नाही. शेवटी मी लेखिकेकडून ती सोळा पाने मिळवली, आमच्या मुद्रकाने ती रात्रंदिवस बसून जुळवली आणि मासिकाची पुरवणी म्हणून पाठवली, कशी चिकटवायची त्याच्या सूचनांसकट. पुरवठादाराची अब्रू गेली. अध्यक्ष तणतणत आले. “घरातली भांडणं रस्त्यावर आणता तुम्ही!”

मी म्हटले, “एवढंच सांगा, होडी बुडाली की वाचली?”

“कुठली होडी?” अध्यक्ष म्हणाले.

आज तोच पुरवठादार संघटनेच्या संमेलनाचा मांडव घालतो. अध्यक्षांना मासिकाचे नाव हवे आहे ते त्याच्यासाठी. ‘उघडे कपाट’ने सुचवलेली यादी म्हटले की शाळा डोळे मिटून मागवतात, तो विश्वास आम्ही अंकामागून अंक काढून कमावला. तोच त्यांना विकायचा आहे. आणि माझा भाऊ, माझा वारस, त्यांना फोनवर सांगत होता, “ताईचं काही खरं नाही. नंतर मी आहेच, सही करून देतो.” मी शेजारच्या खोलीत होते. पोटाला टाके असले म्हणून कान बंद होत नाहीत. एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र.

म्हणून ‘उघडे कपाट’ची मालकी, नाव आणि वर्गणीदारांची यादी मी लाल शाईला देते. लाल शाई म्हणजे दूरच्या एका शाळेतली ग्रंथपाल. आम्ही कधी भेटलेलो नाही. माझा प्रत्येक अंक ती लाल शाईने खरडून मला परत पाठवते: हे पुस्तक सहावीचं नाही, चौथीचं आहे. ही खळ पावसाळ्यात बुरशी धरते, करून बघितली का? हा परिच्छेद कशासाठी? पहिली काही वर्षे मी तिला मनातल्या मनात लाखोली वाहिली. मग तिचे पाकीट उशिरा आले की मला चैन पडेना. गेल्या आठवड्यात तिला फोन केला.

“मला? वेड लागलंय का तुम्हाला?”

“नाही, तसा डॉक्टरांचा दाखला आहे.”

ती म्हणाली, “पहिल्या अंकात मागच्या अंकातल्या चुका छापीन. चालेल?”

मी म्हटले, “तेवढ्याचसाठी देतेय बाई.” फोन ठेवला आणि रडले. हेही नोंदवते.

कलम ५. कलम ४ ला एक अट आहे, ती भाचीला अजिबात पसंत नाही. साक्षीदार म्हणून मी अध्यक्षांना बोलावले आहे. फोनवर म्हणाले, “बाई, तुमच्यासाठी काहीही. सही कुठं करायची तेवढं दाखवा.” ते आज दुपारी येतील. नियमाने साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची त्याच्यावर सक्ती नाही. पण हा सगळा कागद त्यांच्यासमोर ठेवला जाईल. चष्मा विसरले असतील तर माझा देईन, नंबर जवळपास तोच आहे. खुर्ची खिडकीपाशी असेल. चहा मिळेल. कोणी घाई करणार नाही आणि कोणी मध्ये बोलणार नाही.

त्यांनी हे वाचले आणि सही न करता उठले, तर ‘उघडे कपाट’ त्यांचे. विनाअट. लाल शाईला मी हे सांगितले आहे. मग दुसरी साक्षीदार म्हणून शेजारची शिवणकाम करणारी बाई सही करील, ती स्वयंपाकघरात बसून आहे. त्यांनी सही केली, तर ते साक्षीदार झाले, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. भाची म्हणते, “आत्या, हा जुगार आहे. त्यांनी खरंच वाचलं तर?”

वाचले तर मी हरले. माझे मासिक त्या पुरवठादाराच्या घशात जाईल आणि मी शस्त्रक्रियेला जाताना त्याच विचाराने जाईन. पण खरे सांगते, त्यांनी वाचावे असे मला वाटते. इतकी वर्षे मी या माणसासाठीही लिहीत आले. ग्रंथपालांच्या अध्यक्षाने एका ग्रंथपालाची ही काही पाने, ज्यांत त्याचेच नाव खराब केले आहे, बसून वाचली, तर कदाचित मासिक त्याच्याकडे गेलेलेही मी सोसेन. अध्यक्ष, तुम्ही या ओळीपर्यंत पोचला असाल तर पेन खाली ठेवा.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे, राग माझा. तो कोणाच्या सांगण्यावरून कमी करू नये.

स्थळ : माझ्या घरची खिडकीची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार

सही : (निवृत्त ग्रंथपाल, प्रकाशक व संपादक, ‘उघडे कपाट’)

साक्षीदार १ : मुद्रक. सही. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला. वाचायला वेळ लागला, माफी असावी.

साक्षीदार २ : अध्यक्ष, शालेय ग्रंथपाल संघटना. सही. संपूर्ण मजकूर काळजीपूर्वक वाचला, समजला व मला मान्य आहे.