छत्तीस अंश

मंगळवार, ९ जून
प्रयोगशाळा, जेवणाची सुट्टी

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोलीतला पंखा दुरुस्त झाला. आईच्या गुडघ्याला शेक चालू असेलच. फोन केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि शेजारी दादा बसलेला असतो. म्हणून कुरियरनं पत्र. एकट्यानं वाचा.

इथे काम वाढलंय. जागं राहायला चालक गोळ्या घेतात का, हे बघायला दादाची बस कंपनी दर तीन महिन्यांनी सगळ्यांची लघवी तपासून घेते. बाटली हातात आली की चार मिनिटांच्या आत तिचं तापमान बघायचं. बत्तीस ते अडतीसच्या बाहेर गेलं तर नमुना बाद. नंतर मशीन. हे तुम्हाला माहीत आहे. मीच जेवताना कौतुकानं सांगितलं होतं.

मार्चमध्ये दादाबरोबर तुम्ही आलात. माझा विसरलेला चष्मा आणलात. मला वाटलं, मला भेटायला आलात. दिवसभर खुशीत होते. एवढ्या उकाड्यात स्वेटर का, विचारलं तर म्हणालात, वयानं थंडी वाजते. मग दादाचं नाव पुकारलं आणि त्यालाही थंडी वाजली. तुमचा स्वेटर चढवून तो आत गेला.

शनिवारी पुन्हा तसंच. दादा खिडकीशी येऊन हसत म्हणाला, "काय गं मीटर, घरच्या माणसाला तरी पास करशील ना?" मी म्हटलं, मशीन घरचं-दारचं ओळखत नाही.

नातेवाइकाचा नमुना सहकाऱ्याकडे द्यायचा असा नियम आहे. मी दिला नाही. तापमान बरोबर छत्तीस अंश. गोळ्यांचा मागमूस नाही. पुढे कुणी काही मागितलं नव्हतं, तरी मी त्यात साखरेची पट्टी बुडवली. ती गडद तपकिरी झाली, म्हणजे भरपूर साखर. दादाला साखर नाही, एप्रिलमध्ये त्याचं रक्त मीच तपासलंय. आपल्या घरात साखर एकालाच आहे.

तुम्ही चाळीस वर्षं तराजू दुरुस्त केलेत. काटा जरा हलका ठेवा म्हणणाऱ्या दुकानदाराचा चहा अर्धा टाकून उठायचात. मापात पाप नको, हे मी तुमच्याकडूनच शिकले. दादासाठी भरलेली बाटली काखेत गरम धरून बाकावर बसताना तुम्हाला काय वाटलं असेल, याचा विचार करायचा नाही असं मी ठरवते आणि तोच करत बसते.

रविवारी मी दादाच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसले. त्यानं पाहिलं नाही. तो दात चावत होता, शेजारी कुणी नसताना बोलत होता. सिग्नल लाल झालेला त्याला दिसला, पण उशिरा. रस्ता ओलांडणारी एक बाई बसला हात टेकून उभी राहिली, जणू तिनंच ती थांबवली होती. आत चाळीस माणसं होती. मी पुढच्या थांब्यावर उतरले.

आता राहिलेलं. मार्चमध्येही मी पट्टी बुडवली होती. तेव्हाही तपकिरी. मी ती कचऱ्यात टाकली आणि अहवालावर सही केली. तुम्ही फसवलंत असं मी म्हणू शकत नाही, बाबा. मी फसले नव्हते.

दादाची पुढची फेरी गुरुवारी सकाळी दहाला आहे. तोवर सुट्टी, मी वेळापत्रक पाहिलंय. स्वतःहून कबूल करणाऱ्याला कंपनी उपचाराला पाठवते, नोकरी राहते. पकडला गेला तर जाते. गुरुवारी नऊ वाजता मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवणार आहे. त्यात मार्चमधली माझी सहीही असेल. माझं काय होईल ते होईल. दादानं नवाच्या आत येऊन सांगावं. तो माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.

आणखी एक. या वेळी पट्टीवर साखरेबरोबर कीटोनही आलंय, म्हणजे तुमची साखर हाताबाहेर चाललीय. मार्चमध्ये नव्हतं. त्या बाटलीत तेवढंच खरं होतं. हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, टाळू नका.

गुरुवारी दादाला घेऊन या. स्वेटर नको. या वेळी मला भेटायला या.

तुमची
मीटर