बरं वाटलं तो दिवस

सोमवार
लागलो बाबा एकदाचा कामाला! मोठ्या बंगल्याची बाग आहे, राहायला मागची खोली, खिडकीला नीट लागणारी कडीसुद्धा आहे. वर्षभर घरी बसून इतका खचलो होतो की, भलतंसलतं काही करशील म्हणून ताई सारखी डोळ्यांत तेल घालून असायची. आता झोप म्हणावं निवांत. माळीकाका तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. तणनाशकाचा कॅन जड, म्हणून इथे सगळे ते थंड पेयाच्या बाटल्यांत ओतून पंपापर्यंत नेतात.

मंगळवार
गाढवपणा झाला. उन्हात घसा सुकला होता, सावलीतली बाटली उचलली आणि तोंडाला लावली. एक घोट पोटात गेला, बाकी थुंकून टाकलं. काकांनी मला उचलूनच गाडीत घातलं. दवाखान्यात कोळशाचं काळं पाणी पाजलं, मग रक्त शुद्ध करायच्या यंत्राला जोडलं. डॉक्टरांनी विचारलं, का प्यायलास? चुकून, म्हटलं. बरं बरं, म्हणाले, आणि नर्सला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. डोकंच फिरलं माझं.

बुधवार
तोंड सोलून निघालंय. थुंकी गिळायची म्हटलं तरी जीव जातो. नर्स मायेने विचारते, घरी काही भांडण झालं का? नाही हो बाई! किती वेळा सांगू? दमलो.

गुरुवार
आज बरं वाटतंय. नर्सची थट्टाही केली. ताईला फोन केला, थोडा ताप आहे, उगाच धावत येऊ नकोस म्हटलं. काका द्राक्षं घेऊन आले आणि माझे पाय चेपत बसले. काका, आणि पाय चेपणार! मला ते अजिबात आवडलं नाही. डॉक्टर म्हणाले, बहिणीला आजच बोलावून घे. आता तर बरा आहे की, म्हटलं. त्यांनी माझ्याकडून ताईचा नंबर लिहून घेतला.

शुक्रवार
नुसता कुशीवर वळलो तरी धाप लागते. ऑक्सिजनचं सिलिंडर इथेच, हाताशी. मागितलं. नर्स म्हणाली, ऑक्सिजन मिळाला की हे विष फुप्फुसं आणखी जाळतं, शेवटी देऊ. शेवटी म्हणजे — विचारलं नाही.

शनिवार
डॉक्टरांनी ताईला फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता. रडत म्हणाली, मला वाटलंच होतं. वाटलंच होतं! अगं — म्हणेपर्यंतच धाप लागली. ती निघाली आहे.

रविवार
आज ऑक्सिजन लावला. मी मागितला नव्हता.

भीती वाटते. ताई अजून — बोलता येत नाही, म्हणून लिहितो. ताई, मुद्दाम नाही गं. मला हे काम आवडलं होतं. सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. मी कशाला —