शाफ्टवरची पांढरी खूण

साकोली,
शुक्रवार, मंडईचे दिवस

आदरणीय भाऊजी यांस, धुरपताचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल आणि डाव्या गुडघ्याला तेल लावणे चालू असेल असे धरून चालते. (चालू नसेल तर गोदावरीबाईंना कळेलच, कारण हे पत्र त्या तुमच्या खांद्यावरून वाचणार. जाऊबाई, तुम्हालाही जयभीम. तुमच्या दाताचे काय झाले?) इकडे मी बरी आहे. तुमची पुतणी रश्मी गोंदियाला कॉलेजात आहे, तीही बरी आहे, फक्त वसतिगृहाच्या वरणावर रागावलेली असते.

रविवारी लाखनीचे गिऱ्हाईक घेऊन येता आणि जीप विकून मोकळे होऊ, हा तुमचा निरोप आपल्या जीपच्या ड्रायव्हरने, मंगरूने पोचवला. बाईमाणसाने बंद पडलेले लोखंड अंगणात किती दिवस सांभाळायचे, हे तुमचे म्हणणेही त्याने पोचवले, वर आपल्या दोन सुस्काऱ्यांची भर घालून. मीच बोलून बसले होते की रविवारपर्यंत जीप रस्त्यावर आली नाही तर कागदावर सही करीन. म्हणून पहिल्यांदा हेच कळवते की जीप काल रस्त्यावर आली. गिऱ्हाइकाला आणू नये. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हं, हं, समजलं" म्हणता आणि समजायच्या आत ठेवून देता. म्हणून हे पत्र मंगरूच्याच हाती पाठवते, पाकीट चिकटवून.

आता काय झाले ते सविस्तर लिहिते. जीपखालून पावसाळ्यापासूनच चीं चीं असा बारीक आवाज यायचा. मंगरू म्हणायचा, "वहिनी, पुरानी गाडी हाय, बोलून राहिली. बोलू द्या ना." पुढे एके दिवशी केशरबाई नावाची एक म्हातारी पिशवीत कोंबडी घेऊन बसली, तेव्हा सगळ्या सवाऱ्यांनी मिळून तो आवाज कोंबडीवर ढकलला. केशरबाई शपथेवर सांगत होती की माझी कोंबडी सकाळपासून मुकी आहे. कोणी ऐकले नाही. पुढच्या फाट्यावर कोंबडीला आणि तिच्याबरोबर केशरबाईला उतरवून दिले, आणि जीप निघाली ती चीं चीं करतच निघाली. (नंतर मी केशरबाईच्या घरी जाऊन माफी मागितली. कोंबडीची मागायची राहिली, ती तोवर भाकरीबरोबर गेली होती.) चीं चीं नंतर टक सुरू झाले. गिअर टाकला की टक, सोडला की टक. मंगरू म्हणाला, "आता आवाज बदलला, म्हणजे बरी होऊन राहिली."

मंडईच्या जत्रेच्या पहिल्या दिवशी जीप दंडारीचे नाटक करणाऱ्या मंडळींना घेऊन निघाली. पुढे मंगरूजवळ राजा, मागे राणी, प्रधान, ढोलकीवाला आणि झाडूवाला म्हणून काम करणारा एक गंभीर माणूस. सगळे घरूनच रंगून आलेले. मंडईच्या गावाअलीकडे चढ आहे तिथे खालून एवढा मोठा आवाज झाला की राजा "बाप रे" म्हणाला. इंजिन रेड्यासारखे ओरडत होते आणि जीप जागची हलत नव्हती. जाऊबाई, तुमच्यासाठी लिहिते, भाऊजींना ठाऊकच आहे: इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा गाडीखाली असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक क्रॉस असतो, म्हणजे गाडी खड्ड्यात उतरली-चढली तरी दांडा फिरता राहतो. आपला मागचा क्रॉस तुटला आणि दांड्याचे टोक रस्त्यावर पडले. राजाने आपला जरीचा शेला सोडून दिला, त्याने मंगरूने दांडा वर बांधला आणि सगळ्यांनी जीप ढकलत मंडईत आणली. राणीने पदर खोचून जो धक्का मारला तो राजापेक्षा भारी होता. मंडईतल्या लोकांना वाटले दंडार सुरू झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर खरी दंडार सुरू झाली तेव्हा कोणी फारसे हसले नाही.

दुसऱ्या दिवशी बैल जुंपून जीप अंगणात आणली आणि ताराचंद मिस्त्रीला बोलावले. (हायवेवरचा ताराचंद, ज्याला तुम्ही "हातोड्या" म्हणायचात तोच.) त्याने शाफ्ट खाली काढला, मधल्या सरकत्या जोडातून ओढून त्याचे दोन तुकडे केले आणि पोत्यावर ठेवले. जुन्या क्रॉसच्या टोप्या ठोकून काढल्या तर आतून विटेच्या रंगाची पूड निघाली. टोपीत जिऱ्याएवढ्या बारीक सुया असतात, त्यांची ती पूड झाली होती. ग्रीस नावाची वस्तू तिथे नव्हती. मी मंगरूकडे पाहिले. मंगरूने आभाळाकडे पाहिले. ताराचंद म्हणाला, "बाई, मी भंडाऱ्याहून दोन नवे क्रॉस आणून राहिलो. तवरिक हे राकेलनं पुसून ठेवा." एवढे सांगून तो बसला एसटीत.

भाऊजी, माझे माहेर भंडाऱ्याचे आणि माझी आई पितळेच्या दुकानात भांडी उजळायला जायची हे तुम्हाला माहीत आहे. लग्नसराईत तिच्या हातून रोज पाण्याचे पन्नास-साठ गुंड-हंडे निघायचे, आणि एकावर जरी डाग राहिला तरी ती जेवायची नाही. मला सात वर्षांची असल्यापासून तिने हाताशी बसवले. तेव्हा मला कोणी "पुसून ठेवा" म्हटले तर त्याचा अर्थ आमच्या घरी जो होता तोच मी लावणार. राकेलने पुसले. त्याने लोखंड काळेच राहिले. मग राख घेतली, चिंच घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दुपारभर बसले. दोन्ही तुकडे असे निघाले की त्यात तोंड पाहून कुंकू लावावे. (मी लावत नाही, पण लावावे असे.) शेजारच्या गिरजाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हे काय नवीन घेतलं का, बाई?" मला बरे वाटले.

संध्याकाळी ताराचंद आला तेव्हा मी त्याला एक हिसका दिला. तुमच्या भावाने नागपूरच्या फुटपाथवरून मोटर दुरुस्तीचे एक जुने मराठी पुस्तक आणले होते, मुखपृष्ठ नसलेले. ते चित्रे बघायचे, वाचायची मी. (मला अक्षरे कोणी शिकवली नाहीत. एसटीच्या पाट्या, रेशनकार्ड आणि ट्रकच्या पाठी वाचत वाचत मी पुस्तकापर्यंत आले, म्हणून मला पुस्तकातले सगळे ट्रकच्या पाठीइतकेच खरे वाटते.) ते गेल्यावर मी ते पुस्तक दोनदा वाचले, गाडीसाठी नाही. पानांवर त्यांच्या बोटांचे ग्रीसचे ठसे आहेत, म्हणून. तर ताराचंद नव्या क्रॉसवर टोपी ठोकत होता आणि टोपी शेवटचा दोराभर आत जाईना, आणि ती अडकवायची कडी बसेना. तो हातोडा उगारणार एवढ्यात मी म्हणाले, "थांबा. आत एक सुई आडवी पडली असेल. टोपी काढा, ग्रीस लावून सुया उभ्या चिकटवा, मग दाबा."

"पुस्तकात हातोडा नसते, बाई," ताराचंद म्हणाला.

"म्हणूनच पुस्तक शाबूत आहे. काढा टोपी."

काढली. सुई आडवी होती. मंगरू एवढा खूष झाला की त्याने ताराचंदला बिडी दिली, जखमेवर औषध द्यावे तशी. तिसरी आणि चौथी टोपी ताराचंदने मला विचारून विचारून बसवली. भाऊजी, त्या अर्ध्या तासात मी जशी बसले होते तशी मी आयुष्यात कधी बसले नाही, खुर्चीवर, पाठ टेकून.

दोन्ही क्रॉस बसले आणि दोन तुकडे पुन्हा एकमेकांत सरकवायची वेळ आली. ताराचंदने पहिला तुकडा फिरवला, दुसरा फिरवला. मग पहिला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "बाई, खूण कुठं गेली?"

"कोणती खूण?"

"पांढरी. दोन्हीवर टिकली होती ना रंगाची. टिकलीसमोर टिकली आणून जोडाचा असते हा. एक दातही चुकला तर गाडी थरथरते. मालकाची पक्की खूण होती, म्हणून मी आपली केली नाही." मग त्याने चकाकत्या दांड्याकडे पाहिले, माझ्या चिंचेने पिवळ्या पडलेल्या नखांकडे पाहिले आणि खाली जमिनीवर बसला. "काहून घासलं हो एवढं? मी पुसा म्हटलो होतो."

मंगरूने पुन्हा आभाळाकडे पाहिले. मी खुर्चीवरून उठले.

ताराचंदने अंदाजाने तुकडे जोडले, शाफ्ट वर चढवला आणि बोल्ट आवळले. काल जीप बाहेर काढली. सवाऱ्या बसल्या. तेव्हा जीप चालते आहे, आवाज नाही, चीं नाही, टक नाही, असे मी तुम्हाला खरेपणाने कळवते. गिऱ्हाइकाला तुमच्याकडून चहा पाजून परत पाठवावे. माझ्यासाठी ही जीप म्हणजे रश्मीचे कॉलेज आहे आणि मंगरूचे घर आहे, आणि अंगणात ती उभी असली की घरात माणूस आहे असे वाटते. एवढेच लिहायचे होते.

जाऊबाईंना आणि लेकरांना आशीर्वाद व नमस्कार जसे लागतील तसे वाटून घ्यावेत.

तुमची वहिनी,
धुरपता

ता. क. जीप चालते असे वर लिहिले ते ताशी तीसपर्यंत. तीसच्या पुढे ती अशी थरथरते की मंगरूला बिडी आणि काडी यांची गाठ घालता येत नाही. काल सवारीत वासुदेवराव नावाचे एक पेन्शनर गुरुजी होते, त्यांची कवळी हायवेवर आपोआप बोलू लागली. ते उतरताना मला म्हणाले की बऱ्याच दिवसांनी पोट मोकळे वाटले. पण सगळ्यांचे विचार असे उदार नसतात.

ता. क. दुसरा. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी ही जीप आली, आणि तुम्ही नको म्हटले असता आली म्हणून त्याच वर्षी तुम्ही दोघे भाऊही वेगळे झालात. तरी दोन वर्षांनी पहिल्यांदा क्रॉस गेले तेव्हा तुम्ही एसटीच्या वर्कशॉपातून सुटी काढून आला होतात. रागातच गाडीखाली शिरलात, रागातच नटबोल्टाचे पाने मागितलेत, आणि दोघे दिवसभर गाडीखालून एकमेकांशी भांडलात. नंबर प्लेटचा उरलेला रंग बोटाने लावून ती टिकली केली त्यांनी, आणि समोरची तुम्ही. मी चहा घेऊन उभी होते, मी पाहिले. त्यांची टिकली बोटाच्या ठशाची होती. रेघा दिसायच्या. मी ती चिंचेने घासली, चांगली जोर लावून. हे ताराचंदला बोलले नाही, मंगरूला बोलले नाही. रश्मीलाही नाही.

ता. क. तिसरा. पुस्तकाच्या त्र्याण्णवाव्या पानावर दिले आहे की खूण गेली तर घाबरू नये. दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे जे कान असतात, ते एका रेषेत आणून जोडावे, झाले. अर्ध्या तासाचे काम आहे, हातोड्यासुद्धा करील. हे मला काल दुपारीच सापडले. ताराचंदला अजून सांगितलेले नाही आणि रविवारपर्यंत सांगणार नाही. ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आला होतात, त्यानंतर तीन वर्षांत तुम्ही या अंगणात आला नाहीत, आणि गिऱ्हाइकाचे निमित्त मी आत्ताच वर पत्रात बंद करून टाकले. तेव्हा रविवारी एकटेच यावे, जुने कपडे आणि तुमचे पाने घेऊन. गुडघा दुखत असेल तर गाडीखाली घालायला गोधडी आहे. पांढऱ्या रंगाची डबी आणून ठेवली आहे. दोन्ही टिकल्या तुम्हीच लावा, बोटाने. मी राख-चिंच कुलपात ठेवीन.