कुणी मारलं गं तुला?

प्रिय आत्या,

आज सकाळी तुमच्या मुलानं परसातल्या सगळ्या केळी कोयत्यानं तोडल्या. घड लागलेल्यासुद्धा. "हितं गाळे बांधायचे, आजच खड्डे मारतो," असं ओरडत होते. कित्येक रात्री त्यांना झोप नाही. मी मधे गेले, तर कोयता माझ्यावरच उगारला. ते डोळे मी ओळखले. तुमचेच होते. म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला पहिल्यांदा असं झालं तेव्हा तुम्ही पासष्टी ओलांडली होतीत. कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतात, आणि एक दिवस उठून थेट छपरावर चढलात. "पत्रा टाकायचा, आत्ताच," म्हणत कौलं खाली भिरकावू लागलात. मी अंगणातून हाका मारत होते, "आत्या, पडाल, खाली या." एक कौल माझ्या कपाळावर फुटलं. तुम्ही हसत होतात. मग खाली उतरलात, माझ्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसलंत आणि विचारलंत, "कुणी मारलं गं तुला?"



गाव म्हणालं, म्हातारीच्या अंगात येतं. कर्जतच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन एकदा उसळलं की जे सुचेल ते त्याच क्षणी करायचं, मागचापुढचा विचारच उरत नाही, म्हणाले. उतारवयातही होतं असं.

गोळ्यांनी किती छान झाला होतात. भाकऱ्या थापताना गुणगुणायचात. मग एक दिवस त्या गोळ्या चुलीत टाकल्यात. "मला काय धाड भरलीय?" का हो असं केलंत? मला एकदा विचारायचं तरी.

पुन्हा डॉक्टरकडे निघालो, तर कशेळ्याच्या रस्त्यावर जीपवाल्याला म्हणालात, "थांबव रं, मला माहेरी जायचंय." तो ब्रेक लावेपर्यंतही थांबला नाहीत. तुम्हाला धरलेला माझा हात रक्त येईस्तोवर चावलात आणि चालत्या जीपमधून उडी टाकलीत. मागून टेंपो येत होता. तुमचं डोकं मांडीवर घ्यायला गेले, तर धरायला काही उरलंच नव्हतं.

दहाव्याला तुमचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, "आईचा पाय घसरला."

आज मी त्यांना सांगितलं, "पाय नव्हता घसरला. आजार होता. तुमालाबी तोच झालाय." त्यांनी मला भिंतीवर आपटलं, गळा धरला. शेजारच्यांनी ओढून सोडवलं. मग तोडलेल्या केळींत मटकन बसले आणि म्हणाले, "मीबी आईसारखाच मरनार काय गं?"

"नाय," मी म्हणाले.

आत्या, त्यांना कर्जतच्या डॉक्टरांकडे न्यायला गाडी बोलावली आहे. शेजारची दोघं त्यांना धरून बसलीत. ते मला शिव्या देतील, कदाचित पुन्हा मारतीलही. पण तुम्हाला शब्द देते, रोजची गोळी मी त्यांच्या जिभेवर ठेवीन आणि ती गिळेपर्यंत समोरून हलणार नाही.

तुमची सून,
सुमन