उखाण्यापाशी अडलेली डीव्हीडी

वहिनी,

म्हापशाला जातो आहे. मित्राचा यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन संध्याकाळी येईन. तोवर कॉम्प्युटर बंद करू नका आणि आतली तुमच्या लग्नाची डीव्हीडी लावून पाहू नका. लिनक्सवर तिची प्रत उतरते आहे. स्क्रीनवर ‘इनपुट-आउटपुट एरर’च्या ओळी धावतील, ड्राइव्ह मध्येच थांबून पुन्हा घरघरेल. रिकाम्या खोलीतून तो आवाज आला तर घाबरू नका. जी जागा वाचता येत नाही, ती तो पुन्हा पुन्हा चाचपतो आहे.

दादा गेल्यानंतर त्याचा आवाज आपल्याकडे दुसरा कुठेच उरलेला नाही, हे मी जाणतो. बाकी सारे उतरले आहे. अडते ते फक्त उखाण्यापाशी: दादा हसतो, श्वास घेतो, आणि तुमचे नाव ओठांवर येण्याआधीच चित्र गोठते. रोज तिन्हीसांजेला तुम्ही ती लावता, तेव्हा भिंतीपलीकडून तो श्वास मलाही ऐकू येतो.

कारण काल सापडले. डीव्हीडीच्या चकचकीत बाजूवर कुंकवाचे बोट उमटले होते. दसऱ्याच्या पूजेत तुम्हीच लावले असणार. मऊ फडक्याने मी ते पुसले, पण खाली बारीक चरे आहेत. आईला काही सांगितलेले नाही.

दुसऱ्या ड्राइव्हला तरी ते नाव वाचता येईल, असे वचन देता येत नाही. पण वहिनी, कुंकू डीव्हीडीला नको, तुम्ही स्वतःला लावा. आई पुन्हा ‘लोक कितें म्हणतले?’ म्हणाली, तर या वेळी उत्तर मी देईन.

साईश